कुळाचा शोध, शेताच्या वाटेने

सप्टेंबर २०२३ नंतर मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांना एकाएकी भाव आला. अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी झालेल्या उपोषणानंतर राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, निजामकाळातल्या कागदांत कुणबी नोंदी शोधायला सांगितल्या, आणि वर्षानुवर्षे बांधून पडलेले बस्ते सुटले. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, गाव नमुना १४, कुळांची नोंदवही, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा हे शब्द कारकुनांच्या तोंडून निघून गावच्या पारावर आले. वंशावळ ही चीज तोवर दोनच वेळा लागत असे : भावकीत वाटणीचा वाद पेटला की, आणि श्राद्धाला पणजोबाचे नाव विचारले गेले की. आता ती शपथपत्राला जोडायची झाली. आरक्षणाच्या वादाचा निवाडा करणे हे या प्रस्तावनेचे काम नाही. त्या निमित्ताने हिंगोली जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत प्रथमच एक प्रश्न गंभीरपणे विचारला गेला : आपली माणसे कोण होती आणि ती कोणत्या कागदात सापडतील? माझे उत्तर थोडक्यात असे. कागदात पूर्वज शोधण्याआधी तो कागद कोणी आणि कशासाठी लिहिला हे विचारावे. हिंगोलीतले बहुतेक जुने कागद जमिनीच्या हिशेबासाठी लिहिलेले आहेत; म्हणून इथला वंशशोध आडनावापासून सुरू केला तर फसतो, शेतापासून सुरू केला तर पुष्कळदा तडीस जातो.

वंशशोधाच्या क्षेत्रातला जगभरचा वाचक ज्याचे गोडवे गातो तो नमुना इंग्लंडचा आहे. राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने सप्टेंबर १५३८ मध्ये हुकूम काढला की प्रत्येक चर्चने आपल्या हद्दीतले बाप्तिस्मे, विवाह आणि दफने एका वहीत लिहून ठेवावीत. १५९८ मध्ये या वह्या टिकाऊ चर्मपत्रावर उतरवायचे ठरले, आणि दरवर्षी एक नक्कल बिशपकडे धाडण्याचा दंडक पडला. १७५३ च्या कायद्याने विवाहाची नोंद जास्त काटेकोर झाली, १८१३ पासून छापील रकाने आले, आणि १ जुलै १८३७ पासून सरकारने स्वतःच जन्म, विवाह व मृत्यू नोंदवायला सुरुवात केली. या वह्यांचे मोठेपण त्यांच्या वयापेक्षा त्यांच्या हेतूत आहे. पाद्र्याला माणसाच्या आत्म्याशी कर्तव्य होते. जमीनदाराचे पोर आणि मोलकरणीचे पोर दोघांचाही बाप्तिस्मा करायचाच होता, म्हणून दोघांचीही नावे एकाच पानावर आली. केंब्रिजच्या रिग्ली आणि स्कोफील्ड या अभ्यासकांनी ४०४ चर्चांच्या वह्यांवरून १५४१ पासूनच्या इंग्लंडच्या लोकसंख्येचा इतिहास मांडला, तो याच सर्वसमावेशकतेच्या बळावर. अर्थात त्या वह्याही परिपूर्ण नाहीत. १६४० नंतरच्या यादवीत वीसएक वर्षे अनेक ठिकाणी नोंदी विस्कळीत झाल्या. जे लोक राजमान्य चर्चबाहेरचे होते, ते कॅथलिक असोत की क्वेकर, त्यांतले पुष्कळजण त्या पानांवर आलेच नाहीत. धर्माचा कागद धर्माच्या कुंपणापर्यंतच जातो. तरीही कुळ शोधणाऱ्या इंग्रज माणसाला चारशे वर्षे मागे जायला एकाच जातीची वही पुरते, हे त्याचे भाग्यच.

याच पद्धतीची एक शाखा हिंगोलीच्या अंगणापर्यंत आली होती, हे थोड्यांना ठाऊक असते. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी हिंगोलीला होती. १९०३ मध्ये ते सैन्य हिंदुस्थानच्या लष्करात मिसळेपर्यंत हे गाव त्याच्या प्रमुख ठाण्यांपैकी एक होते. ठगांच्या बंदोबस्ताशी आणि ठगावरच्या कादंबरीशी ज्याचे नाव जोडले गेले तो मेडोज टेलर याच सैन्यातला, आणि काही काळ हिंगोलीतच होता. कंपनीच्या आणि पुढे सरकारच्या पाद्र्यांनी हिंदुस्थानातल्या ठाण्याठाण्यांवर जे बाप्तिस्मे, विवाह, दफने नोंदवली त्यांच्या नकला इलाख्यांमार्फत लंडनला जात. मद्रास इलाख्याच्या अशा नकला १६९८ पासून, मुंबईच्या १७०९ पासून आणि बंगालच्या १७१३ पासून आज ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेल्या आहेत. म्हणजे छावणीतल्या एखाद्या इंग्रज सार्जंटचे तान्हे मूल तापाने गेले असेल तर त्याचे नाव लंडनमध्ये सापडण्याची शक्यता बरीच. त्याच वर्षी त्याच गावात गेलेल्या कुंभाराच्या मुलाचे नाव कोणत्याही वहीत असण्याची शक्यता फार थोडी. हा फरक कोणाच्या दुष्टाव्यातून आलेला नाही. निजामाच्या राज्याला कुंभाराच्या मुलाच्या जन्माशी देणेघेणे नव्हते, बापाकडून येणे असलेल्या रकमेशी होते.

इथूनच पहिला आक्षेप उभा राहतो, आणि तो शिकलेल्या माणसांच्या तोंडी अधिक असतो : ‘आपल्याकडे नोंदी ठेवण्याची पद्धतच नव्हती.’ हे साफ चूक आहे. मराठी मुलखाने जेवढा कागद काळा केला तेवढा थोड्यांनीच केला असेल. पुण्याचे पेशवे दप्तर किंवा १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रह पाहिला की तो समज उरत नाही. वतनाच्या भांडणात गोत (भावकीची सभा) बसे, महजर (निवाड्याचा दस्त) होई, आणि दोन्ही बाजू आपापल्या पिढ्या वाचून दाखवत. महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या वंशावळी या भांडणांनीच जिवंत ठेवल्या आहेत. निजामाच्या मुलखापुरते पाहिले तर निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याने १८६५ मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची नवी रचना, केली आणि पुढच्या दशकात मराठवाड्यात मुंबईच्या धर्तीवर जमिनीची मोजणी सुरू झाली. तिच्यातून सेतवार आला : सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार आणि खातेदाराचे नाव. मग दरसालची पाहणी, वसुलाची पत्रके, आणि हैदराबाद मुक्त झाल्यावर १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक. नोंदी आहेत, त्या माणसाच्या नावाने लावलेल्या नाहीत, जमिनीच्या क्रमाने लावलेल्या आहेत. ग्रंथालयात लेखकाच्या नावाने ग्रंथ मागावा आणि तिथे सगळे ग्रंथ फक्त कपाटाच्या क्रमांकाने लावलेले असावेत, तशी शोधणाऱ्याची गत होते.

म्हणून वाट उलटी धरावी लागते. आजच्या सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक पकडायचा, तो फेरफार काढायचा, त्यात मयत खातेदार कोण आणि वारस कोण ते पाहायचे, आणि एकेक फेरफार मागे जात खासऱ्यापर्यंत पोहोचायचे. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळे मध्ये एक खंदक आहे. दोहोंचा मेळ घालणारा उतारा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो आणि तो घेतल्याशिवाय पुढे जाऊच नये. त्यामागे निजामी कागद लागतात. गावपातळीवर पटवाऱ्याचा हात मोडीत चाले, आणि वरच्या कचेऱ्यांत १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू आली. साल फसली असते. त्यात ५९० मिळवले की इसवी सन जवळपास मिळतो, म्हणजे १३०० फसली हे साधारण १८९०-९१. महिने आझुर, दै, बहमन असे. जहागिरीच्या आणि सर्फ-ए-खासच्या, म्हणजे निजामाच्या खाजगी मालकीच्या गावांची दप्तरे वेगळी असत. १९४९ मध्ये जहागिरी खालसा झाल्या तेव्हा ती सरकारात आली, पण सगळीकडे सारखी आली असे नाही. आपले गाव यांपैकी कोणत्या सदरात होते हे आधी ठरवले नाही तर माणूस चुकीच्या बस्त्यात महिने घालवतो.

आडनावाचा भरवसा का धरू नये तेही सांगितले पाहिजे. जुन्या कागदात बहुधा ‘रामजी वल्द गोविंदा’ एवढेच असते. आडनाव पुष्कळदा नसतेच, असले तर कधी गावावरून, कधी हुद्द्यावरून पडलेले, आणि दोन पिढ्यांत बदललेलेही. त्यात आपल्याकडे नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याची चाल. रामजीचा गोविंदा, गोविंदाचा रामजी, पुन्हा रामजीचा गोविंदा. एकाच गावात, एकाच भावकीत, एकाच वेळी तीन गोविंदा असले तर नावावरून त्यांना वेगळे करणे अशक्य. वेगळे करतो तो बांध. ज्या गोविंदाच्या नावावर अमुक सर्व्हे नंबर आहे तो आपला, दुसऱ्यावर शेजारचा नंबर आहे तो चुलत घराण्यातला. इंग्रजी वहीत जन्मतारीख जे काम करते ते इथे चतुःसीमा करते. मात्र एक भान ठेवावे लागते : जमीन वारसाकडे जाते आणि वारस रक्ताचाच असतो असे नाही. दत्तक गेलेला मुलगा कागदात दत्तक बापाचाच होऊन बसतो. शेताच्या वाटेने मिळते ती हक्काची वंशावळ. रक्ताची वंशावळ तिच्याहून वेगळी असू शकते, आणि हे मान्य करायला बऱ्याच घराण्यांचा जीव कचरतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शेताच्या वाटेने जायचे तर ज्यांच्याकडे शेतच नव्हते त्यांनी काय करायचे? पद्धतीतला हा दोष खरा आहे. जमिनीचा कागद जमीनदाराशी उदार आणि भूमिहीनाशी कंजूष असतो. पण भूमिहीन माणूस कागदातून पूर्ण गायब आहे असेही नाही. गावच्या बलुतेदारांकडे, महारकी करणाऱ्यांकडे चाकरीच्या इनामाचे तुकडे असत. इनामांच्या चौकशीत दिलेले मुंतखब (निर्णयाचे दाखले) आणि १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याखाली झालेले निर्णय यांत अशा घरांच्या दोन-तीन पिढ्या सलग येतात. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याने संरक्षित कुळांच्या याद्या झाल्या, आणि जो वर्षानुवर्षे दुसऱ्याचे रान कसत होता त्याचे नाव तिथे प्रथमच स्वतंत्रपणे उमटले. शाळेच्या दाखल-खारीज वह्या, तुरुंगाची आणि पोलिसांची रजिस्टरे, ताडी-दारूच्या परवान्यांचे कागद हेही शिंदे समितीने तपासायच्या यादीत घेतले होते. गरिबाचे नाव राज्याने लिहिले ते पुष्कळदा त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी. म्हणून पूर्वज गुन्ह्याच्या वहीत सापडला तर लाजू नये. त्या काळी ती वही कोणावर उघडली जाई हे आपण जाणतो.

हिंगोलीला एक भौगोलिक सोय आहे, तिचा फायदा फार थोडे घेतात. जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा. पलीकडे वाशीम आणि यवतमाळ. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला आणि नदी ही दोन राज्यपद्धतींची सीमा झाली. पलीकडे गावोगाव जन्ममृत्यूची नोंद होऊ लागली. विदर्भात जिला कोतवाल बुक म्हणतात ती हीच, आणि तिच्यात मुलाच्या बापाचे नाव आणि जातही असते. अलीकडे तशी सलग वही नाही. पण सोयरिकीने नदी कधी मानली नाही. सेनगाव-कळमनुरीच्या मुली रिसोड-पुसदकडे दिल्या गेल्या, तिकडच्या इकडे आल्या, आणि दुष्काळात अख्खी घरे ओलांडून गेली. ज्या घराण्याची एक पाती वऱ्हाडात आहे त्याने आपल्या तालुक्यातला बस्ता मिटला म्हणून शोध संपला असे समजू नये.

आता सरकारबाहेरच्या वह्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या नामावळी असतात. त्यांवर आक्षेप असा की या दक्षिणेसाठी लिहिलेल्या वह्या, त्यांत खरेखोटे कोण पाहतो? आक्षेप घेणारे दोन निराळ्या गोष्टी एकत्र करतात. भाटाच्या पोथीत मूळ पुरुषापासून, कधी थेट सूर्यचंद्रापासून, पिढ्या उतरत येतात. तिच्या वरच्या टोकाला इतिहास म्हणणे कठीण, खालच्या तीन-चार पिढ्या मात्र बहुधा चोख असतात, कारण ऐकणारे घरातलेच असत आणि चूक झाली तर शिधा मिळत नसे. तीर्थोपाध्याच्या वहीचे तसे नाही. तिथे आलेला माणूस आपले, बापाचे, आजोबाचे, भावांचे आणि मुलांचे नाव गावासह सांगतो, आणि लिहिता येत असेल तर खाली सही करतो. ही त्या दिवसाची, त्या माणसाच्या तोंडची साक्ष आहे. हरिद्वारच्या पंड्यांच्या अशा वह्यांचे सूक्ष्मपट अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या वंशशोध संस्थेने काढून ठेवले. त्याच संस्थेने इंग्लंडच्या चर्चच्या वह्यांचेही काढले आहेत. परदेशी अभ्यासकांना दोन्ही एकाच तोलाच्या वाटल्या, आपल्याला मात्र एक इतिहास वाटतो आणि दुसरी भिक्षुकी. उणीव एवढीच की तीर्थाला जाण्याची ऐपत सगळ्यांना नव्हती, आणि सगळ्यांना तिथे सारखा प्रवेशही नव्हता. या वह्या खाजगी मालमत्ता आहेत, म्हणून त्या नम्रपणे मागाव्या लागतात.

या सर्व कागदांत सर्वांत मोठी पोकळी बायकांची आहे. इंग्रजी वहीत आईचे नाव निदान बाप्तिस्म्याच्या नोंदीत पुष्कळदा येते. आपल्याकडे स्त्री जमिनीच्या कागदात आली तर विधवा म्हणून, अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून, नाहीतर भांडणातली पक्षकार म्हणून. लग्नात नाव बदलल्यामुळे माहेरचा धागा तिथेच तुटतो. याला अपवाद पाहायचा तर तो याच जिल्ह्याच्या मातीत आहे. नरसी हे नामदेवांचे गाव असे इथली परंपरा मानते. कऱ्हाडजवळच्या नरसीचाही दावा आहे आणि अभ्यासकांचे त्यावर एकमत नाही. पण १२७० मध्ये जन्मलेल्या या शिंप्याच्या घरातल्या बायकांची नावे वारकरी परंपरेने जपली आहेत : आई गोणाई, बहीण आऊबाई, बायको राजाई, मुलगी लिंबाई, सुना लाडाई, गोडाई, येसाई, साखराई, आणि घरची दासी जनाबाई. जन्मगाव वादात आणि सुनांची नावे पाठ, असे क्वचितच घडते. कारण सरळ आहे. वसुलाच्या कारकुनाला सुनांचे काम नव्हते. अभंग गाणाऱ्यांना घरातला प्रत्येक जीव भक्त म्हणून मोजायचा होता. लिहिणाऱ्याचा हेतू बदलला की पानावरची माणसे बदलतात, याला याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

उरले दोन आक्षेप. एक असा की २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेतला, मग आता एकेका नावामागे कशाला लागायचे? गॅझेटियरमध्ये आकडे असतात; अमुक जिल्ह्यात अमुक जातीचे इतके लोक. निजामाच्या राज्यात पहिली शिरगणती १८८१ मध्ये झाली, आणि तिच्या छापील अहवालांतही नावे नाहीत, बेरजा आहेत. बेरजेवरून मुलखाचे चित्र उभे राहते. तुमचा पणजोबा त्या बेरजेत होता हे ती सांगत नाही. ते सांगायला नावाचा कागदच लागतो, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या एका निकालात स्वातंत्र्यपूर्व कागदांना अधिक पुराव्याचे मोल दिले आहे. दुसरा आक्षेप नैतिक आहे : कुळे उकरून काढली की जातीचा अभिमानच फोफावणार. ही भीती पोकळ नाही. प्रमाणपत्रापुरता शोध घेणारा माणूस जातीचा रकाना वाचतो आणि पान उलटतो. त्याच्या हाती जातच लागते. पण जो तेच पान पूर्ण वाचतो त्याला दत्तक भेटतो, बदललेले आडनाव भेटते, कर्जात गेलेले शेत भेटते, पैनगंगेपलीकडून आलेला आणि गावाने सामावून घेतलेला उपरा भेटतो. एकाच घराण्याच्या नोंदीत एका ठिकाणी कुणबी आणि दुसऱ्या ठिकाणी मराठा असे लिहिलेले भेटते. शुद्ध, अखंड, कायम मोठ्या कुळाची कल्पना कागदापुढे फारशी टिकत नाही. अभिमानाला खतपाणी घालते ती अर्धवट वाचलेली वंशावळ.

तेव्हा हिंगोली जिल्ह्यातल्या वाचकाला विनंती अशी. घरात जुने पटवारकीचे, माली पाटीलकीचे किंवा इनामाचे दप्तर असेल तर ते रद्दीत घालू नका, पाण्यात सोडू नका. प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या आणि मोडी व उर्दू वाचणारी माणसे आहेत तोवर ती वाचून घ्या. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला तिचे माहेर, माहेरचे नाव आणि तिच्या आईचे माहेर विचारून लिहून ठेवा. ती माहिती कोणत्याही कचेरीत मिळणार नाही. आणि वंशावळ मांडताना प्रत्येक नावापुढे ते कोणत्या गावच्या, कोणत्या सालच्या, कोणत्या कागदातून घेतले ते लिहा. जिथे कागद नाही तिथे ‘सांगोवांगी’ असे स्वच्छ लिहा.